वळूच्या रक्तातली दुष्काळाची बखर

सिंधू संस्कृतीच्या मुद्रेवरचा वशिंडाचा बैल आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलेला आहे. त्या मुद्रांवरची लिपी अजून कुणाला लागलेली नाही. त्या बैलाच्या वंशजांच्या रक्तातली लिपी मात्र आता वाचता येऊ लागली आहे. मी बी. ए. झालेला, कवितेच्या नादी लागलेला माणूस. पण जुनी मोडी वाचणाऱ्यांविषयी मला जे कुतूहल वाटतं, तेच या शास्त्रज्ञांविषयी वाटतं.

बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगढ आहे. मुलूख कोरडा, पाऊस नावापुरता. तिथे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी वशिंडाची गुरं दाव्याला बांधली गेली. बिनवशिंडाची गुरं माणसाळली ती वेगळी, पश्चिम आशियात. दोन्ही कुळांची फारकत त्याआधी लाखो वर्षांपूर्वीच झालेली होती, हे १९९४ च्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं.

आता निवडीची खूण म्हणजे काय? कळपातल्या एखाद्या जनावरात ऊन सोसण्याचा गुण आला. दुष्काळात ते तगलं, त्याची वासरं तगली. पिढ्यान्‌पिढ्या तो गुण पसरतो, तेव्हा गुणसूत्रावरचे त्याचे शेजारीही फुकटात सोबत येतात. मग तेवढ्या पट्टीपुरता सगळा कळप सारखा दिसतो, बाकी ठिकाणी फरक राहतो. ही सारखी पट्टी म्हणजे खूण.

या बखरीतलं सर्वांत रंगतदार पान २०१९ साली उलगडलं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह पश्चिम आशियातल्या ६७ प्राचीन गुरांची जनुकं वाचली. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी तिकडे मोठं अवर्षण आलं, आणि त्यानंतर तिथल्या गुरांत सिंधूकाठचं रक्त झपाट्याने दिसू लागतं. पण आईकडून येणारा वारसा बहुतांशी जुन्या स्थानिक गाईंचाच राहिला. म्हणजे इकडून गेले ते मुख्यतः वळू! पाण्यावाचून हवालदिल झालेल्या गुराख्यांनी आपल्या गाई या परक्या वळूंना दाखवल्या असणार. त्यांची नावं कुठल्या शिलालेखात कोण कोरणार?

आमचे अब्बा माणदेशातले. खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड पारखताना आधी दात पाहत, मग खूर, मग पाठीवरून हात फिरवून केस किती आखूड ते बघत. ‘ये धूप को नै डरता,’ एवढंच दखनीत पुटपुटत. आखूड केस, घामाच्या मोठ्या नि दाट ग्रंथी, आणि शरीरात मुळात कमी तयार होणारी उष्णता, हे वशिंडाच्या गुरांचं भांडवल आहे, असं शास्त्र सांगतं. अब्बांचा तळहात त्यातलं एक कलम तरी वाचत होता.

नांगर होता तोवर निवड नांगरानेच केली. मग ट्रॅक्टर आला, दुधासाठी होल्स्टीन-जर्सीचा संकर आला. खिलार गाय दूध बेताचंच देते, तेव्हा तिला गोठ्यात ठेवणार कोण? शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला. खिलारला पुन्हा भाव आला, हे बरंच झालं. पण शर्यतीला हवी असते काही सेकंदांची धाव. कडब्याच्या दोन पेंढ्यांवर चैत्राच्या उन्हात दिवसभर औत ओढणारा बैल तिच्या कामाचा नाही. आटपाडी-सांगोल्याकडे आज वळू बघायला गेलं, की पहिला प्रश्न पुष्कळदा हाच असतो: यानं मैदानं किती मारली?