हातपेडलची कुळकथा

टेबलावर ठेवून हातांनी फिरवायचं छोटं पेडल आता फिजिओथेरपिस्टकडे दिसतं, बाजारातही मिळतं. व्हीलचेअरवर बसणाऱ्याला घरच्या घरी घाम काढता येईल, असं याहून साधं यंत्र क्वचितच असेल. त्याचा मूळपुरुष मात्र एक वाहन होतं. जर्मनीत न्यूर्नबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावी श्टेफान फार्फलर या अपंग घड्याळजीने १६५५ साली स्वतःसाठी तीनचाकी गाडी बनवली. मूठ फिरवली की दातेरी चक्रांमुळे पुढचं चाक फिरे.

हातांच्या या कष्टाला औषधाचा मान मिळायला जवळपास तीनशे वर्षं गेली. मज्जारज्जूला इजा झालेला माणूस तोवर अंथरुणातच जखमा चिघळून किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत असे. १९४४ मध्ये लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल रुग्णालयात अशा रुग्णांचा विभाग सुरू केला आणि खेळ हा उपचाराचाच भाग केला. आपल्याकडचं उदाहरण सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांचं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेला हा जवान उपचार म्हणून पोहू लागला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकून आला.

पोहण्याचा तलाव घरोघरी कुठून आणणार? पाय चालत नसतील, तर हृदय आणि फुप्फुसांना कामाला लावायची जबाबदारी हातांवर येते. म्हणून सायकलचं पेडल टेबलावर चढलं. त्याचा स्क्रू आवळला की घर्षण वाढतं आणि जास्त जोर लावावा लागतो.

मध्य प्रदेशातल्या लालबर्ऱ्याच्या धानपट्ट्यात हातपेडलच्या या घराण्याची ओळखीची शाखा म्हणजे हाताने चालवायची तीनचाकी. कानपूरचा सरकारी कारखाना अलिम्को अशा गाड्या बनवतो. त्याचं एक केंद्र जबलपूरलाही आहे. आता बॅटरीवरच्या तीनचाक्या आल्या. बाजार, शाळा, तहसील गाठणं सोपं झालं, ही मोठीच सोय. पण गाडी चालवताना आपसूक होणारा व्यायाम तिने काढून घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये अपंग प्रौढांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे.

म्हणून गाडीसोबत हातपेडलही मिळायला हवं. गाड्या वाटपाच्या शिबिरात गाडी घ्यायला जाल तेव्हा त्याचीही मागणी करा. खांद्यांना इजा होऊ नये म्हणून फिजिओथेरपिस्टकडून पद्धत शिकून घ्या, आणि हलक्या जोराने सुरुवात करा.