उष्मांकगणना आणि देहभार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

उष्मांक मोजण्याची पद्धत मूलतः वजन घटविण्यासाठी निर्माण झालेली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी हे संशोधन केले. श्रमिकांना अल्प खर्चात पुरेसे पोषण कसे मिळेल, हा त्यामागील प्रमुख प्रश्न होता. १९१८ मध्ये, युद्धकालीन अन्नबचतीच्या वातावरणात, डॉ. लुलू हंट पीटर्स यांच्या पुस्तकाने हेच माप कृश होऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांच्या हाती दिले.

या मापाची खरी कसोटी लागली ती मात्र वेगळ्याच हेतूने केलेल्या प्रयोगात. युद्धग्रस्त उपाशी जनतेला पुन्हा सुदृढ कसे करावे, हे जाणण्यासाठी अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी स्वयंसेवक निवडले व त्यांना २४ आठवडे दररोज सुमारे १,५७० उष्मांकांवर ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. म्हणजे गणना निष्फळ ठरली नाही. परंतु शरीराने विश्रांतीतील ऊर्जाव्ययही लक्षणीयरीत्या कमी केला. पुढे आहारावरील बंधने उठताच चरबी पूर्वीपेक्षाही अधिक वाढली. शरीर ही काही स्थिर खर्चाची भट्टी नव्हे, हे येथे स्पष्ट होते. आहारनियंत्रण कायमच चालू ठेवावे लागेल, असे स्वतः स्थूलत्व अनुभवलेल्या पीटर्स यांनी १९१८ मध्येच बजावले होते. वाचकांनी बहुधा केवळ कोष्टकेच लक्षात ठेवली.