खिशातला नकाशा

अजमल कसाब २६ नोव्हेंबर २००८च्या रात्रीच गिरगाव चौपाटीवर जिवंत सापडला. त्याची बाजू शेवटी ज्यांनी प्रत्यक्ष चालवायला घेतली, त्या अब्बास काझमींची नेमणूक व्हायला १६ एप्रिल २००९ उजाडला. मधल्या साडेचार महिन्यांत मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांच्या वकील संघटनेने त्याचं वकीलपत्र कुणीही घेऊ नये असा ठराव केला. तयारी दाखवणाऱ्यांच्या दारात निदर्शनं झाली. ३० मार्चला न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी सरकारी खर्चाने अ‍ॅड. अंजली वाघमारे यांना नेमलं आणि त्याच रात्री वरळीतल्या त्यांच्या घरावर जमाव चालून गेला, दगड पडले. पुढे, त्या याच हल्ल्यातल्या एका साक्षीदाराचंही काम पाहत होत्या हे उघड झाल्यावर त्यांची नेमणूक रद्द झाली. मग काझमी आले. नोव्हेंबरच्या शेवटी औपचारिक साक्षीदारांच्या प्रतिज्ञापत्रांवरून त्यांचे आणि न्यायालयाचे खटके उडाले, तेही बाजूला झाले. शेवटपर्यंत खटला चालवला तो त्यांचे सहायक अ‍ॅड. के. पी. पवार यांनी.

मी तेव्हा गगनबावड्यात शाळेत होतो. एस. टी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीपासून घरातल्या जेवणाच्या पंगतीपर्यंत एकच वाक्य ऐकू यायचं: "त्याला वकील कशाला?" हे वाक्य मी मूर्खपणाचं म्हणून झटकून टाकणार नाही, कारण बोलणारी माणसं समंजस होती. सीएसटीवर हातात बंदूक घेतलेल्या कसाबचा फोटो सगळ्या देशाने पाहिला होता. १६६ माणसं गेली होती. तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलून त्याला धरून ठेवलं होतं. एवढं डोळ्यांसमोर असताना वाद घालायला उरलंय काय, हा प्रश्न कुणालाही पडेल.

पुढे नोकरीला लागल्यावर, पावसाळ्यात घरून काम करताना, मी या खटल्याचे निकाल वाचायला घेतले. आमच्याकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको की जुलैत संध्याकाळी करण्यासारखं दुसरं फारसं काही नसतं. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी त्या टपरीवरच्या चर्चेत कुणीच बोलत नव्हतं. आर्थर रोड तुरुंगातल्या त्या विशेष न्यायालयात आरोपी एक नव्हता. तीन होते.

दुसरा फहीम अन्सारी, तिसरा सबाउद्दीन अहमद. दोघेही भारतीय. पोलिसांचं म्हणणं असं की फहीमने मुंबईतल्या ठिकाणांची टेहळणी करून हाताने नकाशे काढले, नेपाळमध्ये ते सबाउद्दीनला दिले, आणि तिथून ते लष्कर-ए-तैयबाकडे गेले. पुरावा काय? त्यातला एक नकाशा कसाबचा साथीदार अबू इस्माईल याच्या पँटच्या खिशात सापडला होता. हा अबू इस्माईल चौपाटीवर चकमकीत मारला गेला होता.

फहीमचे वकील होते शाहिद आझमी. किशोरवयात त्यांना स्वतःलाच 'टाडा'खाली अटक झाली होती. काही वर्षं तिहारमध्ये काढून, निर्दोष सुटून, कायदा शिकून ते वकील झाले होते. त्यांनी न्यायालयासमोर त्या नकाशाबद्दल अगदी साधा प्रश्न ठेवला. माणूस गोळ्या लागून मेला, कपडे रक्ताने भिजले, मग खिशातला कागद स्वच्छ कसा? आणि हे सगळं रचणाऱ्या संघटनेला इंटरनेटवर उपग्रहाचे नकाशे मिळत असताना पेनाने काढलेल्या ओबडधोबड चित्राची गरज का पडावी?

११ फेब्रुवारी २०१० रोजी, खटला चालू असतानाच, कुर्ल्याच्या टॅक्सीमेन्स कॉलनीतल्या त्यांच्या कार्यालयात शिरून मारेकऱ्यांनी आझमींना गोळ्या घातल्या. वय अवघं ३२. फहीमचं काम पुढे अ‍ॅड. आर. बी. मोकाशी यांनी नेलं. ३ मे २०१० रोजी निकाल लागला. कसाब दोषी. फहीम आणि सबाउद्दीन या खटल्यातून निर्दोष. त्यांच्यावर उत्तर प्रदेशात दुसरा खटला होता, त्यामुळे ते लगेच मोकळे झाले नाहीत. पण मुंबईच्या कटात ते होते हे सिद्ध झालं नाही. सरकारने अपील केलं. आधी उच्च न्यायालयाने आणि मग २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सुटका कायम ठेवली. त्याच निकालात कसाबची फाशीही कायम झाली.

हे दोन्ही निर्णय एकाच निकालात आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. "यांना वकील नकोच" हा ठराव सगळ्यांनी पाळला असता तर तो नकाशा कुणी उजेडात धरून पाहिला नसता, आणि कसाबच्या जोडीला आणखी दोघांना फासाच्या दिशेने ढकलणं सोपं गेलं असतं. आमच्या धंद्यात कोड लिहिणारा स्वतःच "चालतंय" म्हणाला तर त्याला कुणी विचारत नाही. ते मोडायचा प्रयत्न करणारा दुसरा माणूस पगार देऊन ठेवलेला असतो, आणि त्याने जंग जंग पछाडूनही जे मोडलं नाही त्यावरच विश्वास ठेवतात. कसाबविरुद्धचा पुरावा मोडला नाही. नकाशाचा मोडला.

वकिलाची ही जागा मराठी मुलखाला नवी नाही. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके पकडले गेले तेव्हा सरकारदप्तरी ते दरोडेखोर आणि सरकारविरुद्ध युद्ध पुकारणारे होते. त्यांची स्वतःची रोजनिशीच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून आली. त्या काळच्या पुण्यात त्यांच्या बाजूने उभं राहणं म्हणजे सरकारच्या नजरेत येणं. तरीही सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप झाली, एडनला पाठवलं, १८८३ मध्ये ते तिथेच गेले. इथे फडके आणि कसाब यांची तुलना मी करत नाही, ती होऊच शकत नाही. तुलना आहे ती फक्त त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या वकिलाच्या खुर्चीची. त्या खुर्चीत कुणी बसायचं नाही असं एकदा ठरलं, की आरोपी कोण आहे हे ठरवायचा अधिकार गर्दीकडे जातो.

आता आमच्या जिल्ह्याबद्दल. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी ते गेले. सप्टेंबरमध्ये पहिली अटक झाली, तेव्हा कोल्हापूरच्या वकील संघटनेने त्या आरोपीचं वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला. पानसरे स्वतः वकील होते, आयुष्यभर कष्टकऱ्यांची प्रकरणं लढले होते. आपलाच माणूस गेल्यावर त्याचे सहकारी असं म्हणतील, यात मला नवल वाटत नाही. त्यामागची वेदना खरी होती. पण ठराव चुकीचाच होता. कायद्यानेही: अशा ठरावांना काही अर्थ नाही, ते बेकायदा आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या मोहम्मद रफी प्रकरणात डिसेंबर २०१० मध्येच सांगितलं होतं. आणि व्यवहारानेही: इतर ठिकाणचे वकील आले, खटला चाललाच. ठरावाने आरोपीचं काही बिघडलं नाही, मात्र उद्या दुसऱ्या कुणाविरुद्ध असाच ठराव झाला तर त्याला विरोध करायचं आपलं तोंड बंद झालं.

कसाबच्या निकालातला एक भाग बातम्यांमध्ये फारसा आला नाही. सर्वोच्च न्यायालयात त्याची बाजू मांडायला ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांना नेमलं होतं. अटकेनंतर कसाबला वेळेवर वकील मिळाला नाही, असा मुद्दा त्यांनी मांडला. त्याने खटला बिघडला हे न्यायालयाने मान्य केलं नाही. पण सगळ्या दंडाधिकाऱ्यांसाठी एक आदेश दिला: आरोपीला पहिल्यांदा समोर आणलं की त्याला वकिलाचा हक्क आहे हे सांगायचं, आणि त्याला परवडत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्यायचा. यात कसूर झाली तर दंडाधिकाऱ्यावर खात्यामार्फत कारवाई होऊ शकते.

आमच्या तालुक्यात उद्या बांधावरच्या भांडणात कुणाला उचललं, आणि तो माणूस उसाच्या फडातून थेट न्यायालयात उभा राहिला, तर त्याला विचारलं जाईल: वकील आहे का? नसेल तर देऊ. त्या माणसाला रामचंद्रन कोण हे ठाऊक नसेल. ज्याच्यासाठी तो युक्तिवाद झाला त्याचं नाव मात्र त्याला नक्की ठाऊक असेल, आणि "त्याला वकील कशाला?" असं तोही कधीतरी म्हणाला असेल. तरीही त्याला वकील मिळेल.