मधुमेहातील अल्प कार्बोहायड्रेट आहार

रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण मर्यादेत राहावे म्हणून धान्ये, कंद, साखर इ. कार्बोहायड्रेटयुक्त पदार्थ कमी करून मधुमेही रुग्णासाठी आखलेला आहार. इन्शुलिनाच्या शोधापूर्वी पथ्य हाच या रोगावरील मुख्य उपचार होता.

चरकसंहितेत प्रमेहाच्या कारणांमध्ये नवे धान्य, दही व गुळाचे पदार्थ यांचा निर्देश असून पथ्यात जवाला प्राधान्य दिले आहे. मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ मध्ये रुग्णाच्या मूत्रातील गोड पदार्थ साखरच असल्याचे दाखविले. ब्रिटिश लष्करातील शल्यचिकित्सक जॉन रोलो यांच्या मते ही साखर वनस्पतिज अन्नापासून जठरात तयार होत असे. ही कल्पना पुढे चुकीची ठरली. तथापि तिच्या आधारे त्यांनी सुचविलेला मांसप्रधान आहार (१७९७) गुणकारी आढळला.

फ्रेंच वैद्य आपॉलिनेर बूशार्दा यांना १८७०–७१ मधील पॅरिसच्या वेढ्यात, अन्नटंचाईमुळे रुग्णांच्या मूत्रातील साखर घटल्याचे दिसून आले. पिठातील स्टार्च धुऊन काढून उरलेल्या ग्लुटेनाचा पाव त्यांनी प्रचारात आणला. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक पेव्ही यांनी बदामाच्या पिठाची बिस्किटे सुचविली. मधुमेहींसाठीच्या खास खाद्यपदार्थांची ही सुरुवात होय.

अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी १९१४ नंतर उपासाची कठोर पद्धत अवलंबिली. मूत्र साखरमुक्त होईपर्यंत उपास व नंतर तीनदा उकळून कार्बोहायड्रेटे काढून टाकलेल्या भाज्या, असा तिचा क्रम होता. तिने मुलांचे आयुष्य काही काळ लांबले. परंतु काही रुग्ण रोगाऐवजी उपासमारीने दगावले. टोराँटो येथे १९२१ मध्ये इन्शुलिनाचा शोध लागला व जानेवारी १९२२ मध्ये ते एका चौदा वर्षांच्या मुलास प्रथम देण्यात आले. तेव्हापासून ही कोंडी फुटली आणि आहारातील निर्बंध क्रमाने सैल झाले.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०१९ मधील अहवालाने कार्बोहायड्रेटे कमी करण्याची रक्तशर्करेच्या नियंत्रणातील उपयुक्तता पुन्हा मान्य केली. मात्र सर्वांसाठी एकच प्रमाण ठरविले नाही. भारतीय आहारात भुईमुगाचे दाणे, बदाम, पनीर, अंडी, काकडी, ताक हे पदार्थ मधल्या वेळी घेता येतात. ज्वारी व नाचणी यांतही स्टार्च भरपूर असल्याने त्यांची भाकरी मोजूनच खावी लागते. इन्शुलिन किंवा तत्सम औषधे घेणाऱ्याने कार्बोहायड्रेटे एकाएकी कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायक रीत्या घटू शकते. म्हणून हा बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करणे आवश्यक असते.