पहिलीचे वय : जनरल रजिस्टरमधील एका रकान्याचा इतिहास

मूल सहा वर्षांचे होण्यास तीन-चार महिने उणे असतात. ते घडाघडा वाचते, पाढे म्हणते. त्याला यंदाच पहिलीत बसवावे की वर्षभर थांबावे, हा प्रश्न प्रवेशाच्या प्रत्येक हंगामात शाळेच्या दारी येतो. पालकांना तो केवळ आपल्या घरचा वाटतो. वस्तुतः त्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात मुलाच्या वाढीचा विचार फार उशिरा शिरला.

बळ्ळारीचे कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल यांनी 1823 मध्ये मद्रास सरकारला धाडलेल्या अहवालात तेथील रीत नोंदविली आहे. मूल पाच वर्षांचे झाले की पंतोजी आणि शाळेतील मुले यांना घरी बोलावीत, गणपतीची पूजा होई आणि पंतोजी मुलाचे बोट धरून तांदळात देवाचे नाव गिरवून घेत. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू. अक्षरे प्रथम वाळूत बोटाने काढावयाची. महाराष्ट्रातील धुळाक्षरांशी याचे नाते कोणालाही ओळखता येईल. पाचव्या वर्षीच्या या आरंभाचा दाखला आज घाईच्या समर्थनार्थ दिला जातो, तो मात्र अर्धाच असतो. त्या शाळेत वर्ग असत, पण ते मुलांच्या प्रगतीप्रमाणे पाडलेले. जूनमध्ये एका वयाची सगळी मुले एका बाकावर बसवावीत आणि एप्रिलमध्ये सर्वांना एकाच मापाने मोजावे, असा प्रकार नव्हता. लवकर आलेले मूल तेथे मागे पडत नसे, कारण मागे पडण्यासाठी लागणारी रांगच नव्हती.

ही रांग वार्षिक इयत्तांबरोबर आली, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला मॅट्रिक व सरकारी नोकरी उभी राहिली. वयाला कागदोपत्री किंमत आली ती तेव्हा. 1869 मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर हे दोघे लंडनला आय.सी.एस.ची परीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु पूर्वी नोंदविलेल्या वयाप्रमाणे त्यांनी मर्यादा ओलांडली आहे, असे सांगून दोघांची नावे वगळण्यात आली. बॅनर्जींनी मॅट्रिकच्या वेळी सोळा वर्षे असे लिहिले होते, ते आपल्याकडील रीतीने, म्हणजे सोळावे चालू या अर्थाने. इंग्रजी हिशेबाने ती पंधरा पूर्ण होती. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि दोघांनाही परत घेण्यात आले. आजही घरातील आजी ‘सहावे लागले’ म्हणते तेव्हा नातवाला पाचच पूर्ण झालेली असतात.

जन्मदाखले दुर्मीळ होते तेव्हा खेड्यापाड्यांतील गुरुजींची कसोटी साधी असे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की मूल शाळाजोगते. लहानपणी डोके मोठे व हात आखूड असल्यामुळे ते जमत नाही, म्हणजे या कसोटीत थोडे शरीरशास्त्रही होतेच. त्यानंतर रजिस्टरात तारीख पडे ती बहुधा 1 जून! एका पिढीतील इतक्या जणांचे वाढदिवस शाळा उघडण्याच्या सुमारास का येतात, याचे उत्तर त्या रकान्यात आहे.

कायदा करणाऱ्यांनी मात्र घाई केलेली दिसत नाही. सयाजीराव गायकवाड यांनी 1893 मध्ये अमरेलीत सुरू केलेले सक्तीचे शिक्षण 1906 मध्ये सबंध बडोदे संस्थानात लागू केले, तेव्हा मुलामुलींसाठी सक्तीचा आरंभ सातव्या वर्षापासून ठेवला. नामदार गोखले यांच्या 1911 च्या विधेयकात मुलग्यांसाठी सहा ते दहा हे वय होते. 1937 च्या वर्धा योजनेने पुन्हा सात ते चौदा हा कालखंड धरला. कोठारी आयोगाने (1964–66) पहिलीत प्रवेश सामान्यतः सहा पूर्ण होण्यापूर्वी नसावा, असे सांगितले. मराठी शाळांत पहिलीच्या आधी ‘बिगरी’ होती; लहानग्याने तेथे बसावे, रमावे, परीक्षेची भीती नसावी. ती गेली, आणि तिच्याबरोबर सोयीची एक जागाही गेली.

त्याच काळात गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढले आणि पुढे ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सामील झाल्या. अडीच ते सहा हे वय स्वतंत्र आहे, ती पहिलीची पूर्वतयारी नव्हे, हे ताराबाईंनी बोर्डी-कोसबाडपर्यंत आयुष्यभर करून दाखविले. आज गल्लोगल्ली चालणाऱ्या शिशुवर्गांनी त्यांच्याकडून छोट्या खुर्च्या तेवढ्या घेतल्या, आणि अभ्यास मात्र पहिलीचा.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा हे वय निश्चित केले आणि 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने पहिलीसाठी सहा पूर्ण हा आग्रह धरला. केंद्रीय विद्यालयांनी 2022 मध्ये पाचाचे सहा केले तेव्हा पालक न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानेही त्यांची बाजू मान्य केली नाही. पुढील वर्षी गुजरात उच्च न्यायालयाने अशाच याचिका फेटाळताना तीन वर्षांखालील मुलांना बालवाडीत धाडण्याबद्दल पालकांनाच खडसावले. न्यायालयाचे बोट योग्य जागी पडले होते. पहिलीचा निर्णय खरे तर तीन वर्षे आधी, शिशुवर्गाचा अर्ज भरताना झालेला असतो. मूल अडीचाव्या वर्षी त्या वाटेला लागले की साडेपाचाव्या वर्षी ते पहिलीच्या दारात उभे राहणारच, आणि मग थांबणे हे नापास होण्यासारखे वाटू लागते.

कर्नाटकात हेच घडले. सहाची अट 2022 मध्ये जाहीर होऊन 2025–26 पर्यंत पुढे ढकलली गेली. ते वर्ष उजाडले तेव्हा बालवर्ग संपवून पहिलीच्या दारात उभी राहिलेली, परंतु सहा पूर्ण न झालेली मुले पुष्कळ होती. एप्रिल 2025 मध्ये सरकारने त्या एका वर्षापुरती अट पाच वर्षे पाच महिन्यांवर आणली.