दगडाचें पाणी

पावसाळा सरून वहाळांचें पाणी निवळलें म्हणजे कोंकणांतील मुलांच्या खिशांत गारगोट्या दिसूं लागतात. पाण्यांत असतांना कोणती दुधासारखी पांढरी, कोणती मधासारखी पिंवळी, तर कोणती तांबूस शिरांनीं नटलेली. परंतु ती घरीं आणून उन्हांत ठेवावी, तों घटकाभरांत तिचें रूप मावळतें आणि हातीं राहतो एक मळकट खडा. मुलांना वाटतें, आपण फसलों. वास्तविक फसवणूक कोणींच केलेली नसते. दगडाचा पृष्ठभाग खडबडीत असतो; त्यावर पडलेला प्रकाश चहूंकडे विखुरतो आणि रंग फिका दिसतो. दगड ओला असला म्हणजे पाण्याचा पातळ थर ते बारीक खळगे भरून काढतो व आंतला रंग उजळतो. हें ओलेपणाचें रूप दगडास कायमचें द्यावयाचें, एवढाच दगड घोटण्याच्या कलेचा हेतु आहे. मराठींत तेजालाच ‘पाणी’ म्हणतात. मोत्याचें पाणी, हिऱ्याचें पाणी. दगडाच्या बाबतींत तो शब्द अक्षरशः खरा ठरतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, कणकवली तालुक्यांत, नांदगांव नांवाचें गांव आहे. मुंबई-गोवें महामार्ग तेथून जातो. कोंकण रेल्वेचें ‘नांदगांव रोड’ हें स्थानकहि तेथलेंच. अशा गांवांत एखाद्या हौशी गृहस्थानें दगड घोटण्याचा छंद नव्यानें आरंभिला आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. साधनें थोडींच: रबरी अस्तराचें एक लहानसें पिंप, तें आडवें ठेवून सावकाश फिरविणारी विजेची मोटार, घर्षणासाठीं कठीण भुकटी, आणि पाणी. पिंपाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग दगडांनीं भरावयाचा, त्यांत भुकटी घालावयाची, दगडांच्या वरच्या थराच्या किंचित् खालीं राहील इतकें पाणी ओतावयाचें आणि झांकण घट्ट लावून पिंप रात्रंदिवस फिरत ठेवावयाचें. आंतले दगड एकमेकांवरून घसरत राहतात आणि त्यांच्या सांदींत सांपडलेली भुकटी त्यांना झिजविते. सह्याद्रींत उगम पावून कणकवलीवरून मालवणच्या किनाऱ्याकडे जाणारी गड नदी जें काम युगानुयुगें करीत आली, तेंच काम हें पिंप कांहीं आठवड्यांत करूं पाहतें.

नवशिक्याचा पहिला प्रयत्न बहुधा फसतो, आणि फसण्याचें कारण त्याचा उत्साह हेंच असतें. अंगणांत, वहाळांत, समुद्रकांठीं जें जें सांपडलें तें तें तो एकाच पिंपांत घालतो. त्यांत जांभ्याचा तुकडा असतो, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा गोटा असतो आणि गारगोट्याहि असतात. आठ दिवसांनीं झांकण काढून पाहावें, तों आंत नुसता तांबडा चिखल! जांभ्याचा भुगा झालेला, काळ्या गोट्याच्या छिद्रांत भुकटी घट्ट बसलेली, आणि गारगोट्या जवळजवळ होत्या तशाच. जांभ्याचा ह्यांत दोष नाहीं. जमिनींतून काढतांना तो नरम असतो म्हणून त्याचे चिरे तोडतां येतात, आणि हवेंत राहून तो घट्ट होतो. ह्याच गुणामुळें कोंकणची घरें त्याच्यावर उभीं आहेत. परंतु भिंत पेलण्याचा गुण वेगळा आणि तेज घेण्याचा वेगळा.

हा भेद मोजण्याचें माप १८१२ सालीं फ्रीड्रिख मोह्स ह्या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें घालून दिलें. जो दगड दुसऱ्यावर ओरखडा काढतो तो अधिक कठीण, ह्या साध्या नियमानें त्यानें दहा पायऱ्या लावल्या. शंखजिरें पहिल्या पायरीवर, गारगोटी सातव्या, कुरुंद नवव्या आणि हिरा दहाव्या. एका पिंपांत सारख्याच कठिणतेचे दगड घालावे, हा त्यांतून निघणारा पहिला धडा. गारगोटीला झिजवावयाचें तर भुकटी तिच्याहून कठीण पाहिजे, हा दुसरा. पूर्वीं ह्या कामीं कुरुंद वापरीत. १८९१ सालीं अमेरिकेंत एडवर्ड ॲचेसन ह्यानें कुरुंदाहूनहि कठीण अशी सिलिकॉन कार्बाइडची भुकटी विजेच्या भट्टींत तयार केली, आणि आज छांदिष्टांच्या पिंपांत बहुधा तीच असते.

तिसरा धडा सर्वांत कठीण, कारण तो दगडाविषयीं नसून माणसाविषयीं आहे. चकाकी ही दगडावर बाहेरून चढविलेली वस्तु नव्हे. भरड भुकटी दगडाचीं टोकें मोडते, पण स्वतःचे ओरखडे मागें ठेवते. मध्यम भुकटी ते ओरखडे पुसून त्यांहून बारीक ओरखडे काढते. बारीक भुकटी त्यांना आणखी सूक्ष्म करते. आणि अखेरच्या पॉलिशनंतर ते इतके सूक्ष्म होतात कीं प्रकाश त्यांना अडखळत नाहीं. प्रत्येक पायरीस साधारण आठवडाभर लागतो. एखादी पायरी गाळली तर पुढची कितीहि दिवस चालविली तरी ती उणीव भरून येत नाहीं. दोन पायऱ्यांच्या मध्यें पिंप व दगड स्वच्छ धुतले नाहींत, तर मागें राहिलेले भरड भुकटीचे थोडे कणहि सबंध घाण्याचें तेज बिघडवितात.

छंद म्हणून ही रीत विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत पसरली, म्हणून ती परकी वाटते. परंतु तिचें मूळ तत्त्व भारतीय कारागिरांना विजेच्या मोटारीच्या आधींपासून ठाऊक होतें, आणि त्यासाठीं लागणारा उत्तम दगड दख्खनच्या भूमींतच जन्मास येतो. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं ज्या लाव्हारसानें महाराष्ट्राची भूमि घडली, त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून थरावर थर बसले आणि त्यांतून अकीक झाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या प्रवासग्रंथांत नमूद आहे कीं, पैठणहून पट्टेदार सुलेमानी दगड आणि तगरहून कापड बिकट वाटांनीं गाड्यांवर लादून भडोच बंदरास जात असे. तगर म्हणजे आजचें धाराशिव जिल्ह्यांतील तेर. पैठण, तेर आणि नेवासें येथील उत्खननांत अकिकाच्या जातीचे मणी मिळाले आहेत. गुजराथेंतील लोथल येथें तर सिंधुसंस्कृतीच्या काळची मणी करण्याची कार्यशाळाच उघडकीस आली.

ह्या परंपरेचें जिवंत केंद्र म्हणजे खंबायत. भडोच जिल्ह्यांतील रतनपूरच्या खाणींतून निघालेला दगड तेथें नेत. आधीं तो उन्हांत वाळवावयाचा, मग मडक्यांत ठेवून शेण्यांच्या मंद आंचेवर भाजावयाचा. त्यांतील लोहामुळें पिंवळट दगड तांबडा होतो. जमिनींत रोंवलेल्या लोखंडी टोकावर दगड धरून शिंगाच्या हातोडीनें त्याचे कपचे काढावयाचे, मग घांसावयाचा, आणि हिऱ्याच्या कणांनीं टोंक साधलेल्या सामत्यानें त्यास भोंक पाडावयाचें. लहान मण्यांना पाणी चढविण्याची रीत मात्र नांदगांवच्या नवशिक्यास लगेच ओळखूं येईल. मणी, कुरुंदाची भुकटी आणि अकिकाची बारीक पूड चामड्याच्या जाड पिशवींत भरीत, तोंड आंवळीत, आणि दोन माणसें समोरासमोर बसून ती पिशवी इकडून तिकडे लोळवीत. पिशवी सतत ओली ठेवावी लागे, आणि हें काम दहा ते पंधरा दिवस चाले. पुढें पिशवीच्या जागीं विजेवर फिरणारीं पिंपें आलीं. पाणी आणि धीर ह्यांची गरज मात्र राहिलीच.

ह्या इतिहासाची एक दुःखद बाजूहि आहे. पिशवींतलें काम ओलें होतें, परंतु मण्यास आकार देण्याचें घांसकाम पुष्कळ ठिकाणीं कोरडें चाले, आणि विजेच्या चाकांनीं त्याचा वेग वाढविला तशी धूळहि वाढली. गारगोटीच्या जातीच्या दगडाची ही धूळ डोळ्यांना दिसत नाहीं इतकी सूक्ष्म असते. ती फुप्फुसांत जाऊन बसते आणि सिलिकोसिस नांवाचा रोग जडवते, तो बरा होत नाहीं. शिवाय क्षयास तो वाट करून देतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनें खंबायतच्या अकीक-कामगारांची तपासणी केली, तेव्हां कामगारांतच नव्हे, तर घरांतच कारखाना असल्यामुळें ज्यांनीं कधीं चाकाला हात लावला नाहीं अशांतहि हा रोग आढळला. ज्या मण्यांचें तेज दूरदेशीं वाखाणलें गेलें, त्यांची किंमत अशा रीतीनें कोणाच्या तरी श्वासानें चुकती झाली.

म्हणून नवशिक्यानें शिकावयाचा चौथा धडा असा, कीं दगड कोरडा घांसूं नये. टोंक मोडावयाचें असो, भोंक पाडावयाचें असो, दगड व हत्यार ओलें ठेवावें. सांडलेला गाळ वाळण्यापूर्वींच पुसून घ्यावा. तो मोरींतहि ओतूं नये, कारण तळाशीं बसून तो सिमेंटासारखा घट्ट होतो.

दुसऱ्या खेपेस नांदगांवचा गृहस्थ नुसत्या गारगोट्याच निवडतो. तडे गेलेल्या बाजूला काढतो, चारहि पायऱ्या यथाक्रम पार पाडतो, दर वेळीं दगड चोळून धुतो, आणि महिनाभर घरच्यांची थट्टा सोसतो. अखेर एके दिवशीं तो दगड धुऊन फडक्यावर पसरतो व वाळण्याची वाट पाहत बसतो, कारण खरी परीक्षा तीच. फडकें वाळतें, दगडहि वाळतात. वहाळांतून उचललेल्या त्या दिवशीं जो रंग दिसला होता, तो ह्या खेपेस मावळत नाहीं. घरांतलें मूल तेवढ्यांत पुढें येऊन एक खडा बोटानें चांचपून पाहतें आणि विचारतें, हा अजून ओलाच कसा?