कापसाच्या पानावरील मधुबिंदू आणि मुंगी : एका विचाराचा इतिहास

मराठवाड्यातील काळ्या जमिनीत उभ्या असलेल्या पऱ्हाटीचे पान उलटून पाहिले असता त्याच्या मधल्या शिरेवर एक लहानसा खळगा आढळतो. त्यातून पाझरणारा गोड द्रव चाटावयास मुंगळे येतात. अशाच ग्रंथी बोंडाभोवतालच्या हिरव्या आवरणाच्या बुडाशी व एरंडाच्या देठावरही असतात. फुलातील मधुरसाचे प्रयोजन परागीकरण हे होय. परंतु जेथे फूलच नाही तेथे वनस्पतीने साखर का खर्चावी? या प्रश्नाला गेल्या पावणेदोनशे वर्षांत जी उत्तरे दिली गेली, त्यांचा संक्षिप्त परामर्श घेण्याचा येथे हेतू आहे.

फुलातील व फुलाबाहेरील मधुग्रंथी असा भेद रॉबर्ट कास्पारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४८ मध्ये स्पष्ट केला. त्यानंतर मतभेदास आरंभ झाला. टॉमस बेल्टने १८७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निकाराग्वातील बाभळीच्या काट्यांत राहणाऱ्या मुंग्या हे त्या झाडाचे सैन्यच आहे, असे प्रतिपादन केले. इटलीतील फेदेरिको देल्पिनो याने त्याच सुमारास हा विचार इतर वनस्पतींना लावला व मधुरस ही मुंग्यांना मिळणारी राखणीची मजुरी ठरविली. चार्ल्स डार्विनने १८७६ मध्ये काही उदाहरणांपुरते हे मत मान्य केले. तथापि मुळात हा द्रव उत्सर्जनाचाच एक प्रकार असावा, असे त्याला वाटत होते. केर्नरने त्याच वर्षी तिसरा पक्ष मांडला. मुंगी परागीकरणास निरुपयोगी असून फुलातील मधुरस चोरते. तेव्हा तिला बाहेरच गुंतवून ठेवण्याची ही युक्ती होय, असे त्याचे म्हणणे. एकाच थेंबाला कोणी मजुरी म्हटले, कोणी टाकाऊ द्रव्य, तर कोणी आमिष.

कापसाचा संबंध या वादाशी लवकरच आला. अमेरिकी शासनाने १८७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कापसावरील कीटकांच्या अहवालात विल्यम ट्रिलीज याने मधुरसावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. आपल्या प्रांतातील कार्याची दिशा मात्र वेगळी होती. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी आर. सी. रॉटन यांनी १८९२ मध्ये मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात येथील मुंग्यांवर लेख लिहिले. त्यांनी जमविलेल्या नमुन्यांचे वर्णन स्विस शास्त्रज्ञ ओग्युस्त फोरेल याने केले, आणि १९०३ मध्ये बिंगहॅम यांचा भारतीय मुंग्यांवरील खंड प्रसिद्ध झाला. यांमुळे मुंगीला नाव व वर्गीकरणात स्थान मिळाले. परंतु ती ज्या पानावर चढते त्या पानाशी तिचा व्यवहार काय, हा प्रश्न त्या वर्गीकरणाच्या कक्षेत नव्हता.

प्रयोगाने निर्णय होण्यास १९६६ साल उजाडावे लागले. डॅनियल जॅन्झेन याने मध्य अमेरिकेतील बाभळींवरून मुंग्या काढून टाकल्या, तेव्हा त्या झाडांची हानी झाली आणि बेल्टच्या मताला आधार मिळाला. विशेष हे की त्याच दशकात कापसावर नेमके उलट कार्य चालू होते. हवाई बेटांवरील रानटी कापसात या ग्रंथी नसतात. तो गुण लागवडीच्या कापसात आणून १९६१ मध्ये मायर दांपत्याने ग्रंथिरहित वाणाच्या आनुवंशिकतेचे वर्णन प्रसिद्ध केले. मधुरसावर बोंडअळीचे पतंग व रसशोषक ढेकूण पोसले जातात, म्हणून तो बंद करावा, हा त्यामागील विचार. काही किडी त्यामुळे घटल्या. परंतु त्या किडींना खाणारे मित्रकीटकही कमी झाले. जंगलात जो थेंब रक्षणाचे साधन ठरला, तो शेतात दोष मानला गेला होता.

पुढे २००१ मध्ये युरोपीय संशोधकांनी जुन्या जगातील कापसावर व एरंडावर अळ्या सोडून पाहिले. पाने खाल्ली जाताच दोन्ही वनस्पतींत पानांवरील मधुरसाचे प्रमाण वाढले. केवळ उत्सर्जनाची कल्पना या वर्तनाचा उलगडा करू शकत नाही. तथापि याला मैत्री म्हणणेही योग्य नव्हे. तोच मुंगळा मावा किडीच्या गोड स्रावासाठी माव्याचीही राखण करतो आणि तेव्हा पिकाचे नुकसानच होते. हा संबंध लाभापुरता व परिस्थितीवर अवलंबून असलेला आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व येथेच आहे. नांदेडच्या गावरान कापसाची जागा संकरित वाणांनी घेतली, १९८४ मध्ये नांदेडचाच संकरित वाण आला, आणि २००२ पासून जनुकबदल केलेल्या बीटी कापसास परवानगी मिळाली. प्रत्येक वेळी राखणीचे काम बाहेरून आणलेल्या साधनावर सोपविले गेले. २०१७ मध्ये शेंदरी बोंडअळीने त्या साधनाची मर्यादा दाखवून दिली. मुंगीने ती आपत्ती टाळली असती, असा दावा करता येणार नाही. बोंडाच्या आत शिरलेली अळी तिच्या आवाक्याबाहेर असते. परंतु पीकसंरक्षणाचा इतिहास लिहिताना केवळ औषधे व वाण यांचीच नोंद करणे अपुरे आहे. फवारणीत अळीबरोबर मुंगीही मरते, आणि पऱ्हाटीने दिलेली मजुरी घेण्यास कोणी उरत नाही, ही गोष्टही त्या इतिहासाचा भाग होय. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी पाती लागण्यापासून वेचणीपर्यंत एका शेतातील ग्रंथी, मुंग्या व मावा यांची नियमित नोंद ठेवल्यास जुन्या मतांपैकी कोणते येथे कितपत लागू पडते, हे सांगता येईल.